शुद्ध वाचनाचं बक्षीस

शुद्ध हा शब्द तुपाला लावा, पाण्याला लावा, माझी काही तक्रार नाही. माणसाच्या जिभेला कुणी तो लावला की माझं डोकं फिरतं. घरच्यांना हे ठाऊक आहे. धाकटा तर मुद्दाम म्हणतो, "आई, तुझे उच्चार काय शुद्ध आहेत गं!" आणि लाटणं दिसायच्या आत पळतो. आता मी त्यावर हसते. बक्षिसाच्या त्या दोन वर्षांत मात्र कुणी असं म्हणालं असतं, तर मी खरंच लाटणं फेकून मारलं असतं.

संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि संस्थानच्या वेळेपासून दुपारचे बायकांचे साक्षरतेचे वर्ग चालवत आले होते. मग वरून हुकूम आला की प्रौढशिक्षणाला यापुढं समाजशिक्षण म्हणायचं. आम्ही पाटीवरचं नाव पुसलं, नवं लिहिलं. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या समितीनं बक्षीस जाहीर केलं. ज्या वर्गातली व्यक्ती सगळ्यात चांगलं वाचून दाखवील तिला शाल आणि तिच्या वर्गाला चांदीची ढाल. निवड करायला तिघांना नेमलं. त्यातली एक मी.

दुसरे होते निवृत्त शाळा तपासनीस. त्यांना सगळे साहेब म्हणायचे. काळी टोपी, गळाबंद कोट, खिशात टोक केलेली पेन्सिल. माणूस सचोटीचा. तपासणीला गेलेल्या गावात चहासुद्धा घ्यायचे नाहीत, उगाच कुणी बोट दाखवायला नको म्हणून. तिसऱ्यांना सगळे भाऊ म्हणत. खादी घालणारे, तुरुंगात जाऊन आलेले, कबनूरकडं विणकरांचे वर्ग चालवलेले. भाऊ अतिशय गोड माणूस. कुणाचंही मन मोडायचे नाहीत, आणि हाच त्यांचा मोठा दोष होता. माझ्याबद्दल विचाराल तर माझं तोंड फाटकं. समितीला हे माहीत असूनही त्यांनी मला का घेतलं, देव जाणे. बहुतेक एक बाई हवी होती.

पहिलाच वर्ग कागलच्या पुढच्या एका गावातला, बायकांचा. गावच्या गुरुजींची बायको तो पाटलांच्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात घ्यायची. पाटलांना तो वर्ग मनातून नको होता. बायका दुपारच्या एकत्र बसायला लागल्यापासून त्यांच्या तोंडाला फार धार आलीय, असं त्यांचं म्हणणं. आम्ही जीपमधून उतरलो तसे ते तंबाखू मळत पुढं आले आणि सरळच म्हणाले, "हे बगा पावणं, मी बायकास्नी शबुद दिलाय. ढाल आणली तर सोपा तुमचा, मी सोताच्या हातानं घोंगडी हातरतो. न्हाय आणली तर सोपा मोकळा करायचा. मला जोंधळ्याची पोती ठेवाया जागा न्हाय."

ते ऐकून वर्गातल्या बायकांची तोंडं उतरली. एक मात्र तशीच ताठ बसलेली. चाळिशी ओलांडलेली, नऊवारी घट्ट खोचलेली, चार म्हशींचं सगळं एकटीनं बघणारी. गाव तिला आक्का म्हणायचं, मीही म्हणू लागले. मी विचारलं, "आक्का, तुम्ही वर्गाला का येता?" मला वाटलं, अंगठा लावायची लाज वाटते वगैरे सांगतील. सगळ्या वर्गात तेच शिकवून ठेवलेलं असायचं. आक्का म्हणाल्या, "समदा दीस म्हशीचा, पोराचा, न्हवऱ्याचा. ह्यो दुपारचा एक घंटा तेवडा माजा हाय. त्यो जायाला नगं."

मग त्यांनी पुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि ज्या आवाजात म्हशींना हाक मारत असतील त्याच आवाजात वाचायला लागल्या. पुस्तकात छापलं होतं: 'आमच्या गावची विहीर जुनी आहे. तिचे पाणी खोल आहे. पावसाळ्यात ते गढूळ होते. न उकळता ते कोणी पिऊ नये.'

आक्कांनी वाचलं, "आमच्या गावची हीर जुनी हाय. तिचं पानी खोल हाय. पावसाळ्यात ते गढूळ हुतंय. उकाळल्याबिगर ते कुनी पिऊ ने." आणि पुस्तक मांडीवर ठेवून साहेबांना म्हणाल्या, "हे मातूर खरं हाय बगा. गेल्या पावसाळ्यात निम्मं गाव हगवणीनं आडवं झालतं. पर उकाळायचं म्हंजे जळण लागतंय की. ते काय सरकार धाडनार हाय?"

अहो, मला टाळी वाजवावीशी वाटली! इतकी वर्षं वर्ग चालवले, शेकडो बायकांना अक्षरं गिरवायला लावली, पण छापलेलं वाक्य डोळ्यांतून आत जाऊन स्वतःच्या भाषेत बाहेर पडतंय आणि वर त्याच्याशी भांडतंय, हे मी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. 'न उकळता' चं 'उकाळल्याबिगर' करायला अर्थ कळावा लागतो. मी साहेबांकडं पाहिलं. साहेब पेन्सिलीनं फुल्या मारत होते.

"बाई, पुन्हा वाचा," ते म्हणाले. "छापलंय तसं."

आक्कांनी पुन्हा वाचलं. पुन्हा तेच.

"आहे म्हणा."

"हाय."

"हाय नव्हे. आहे."

"तेच की वो. हाय."

साहेबांनी पुस्तक पुढं ओढलं आणि पेन्सिलीचं टोक अक्षरावर टेकवलं. "हे काय?"

"आ."

"आणि हे?"

"ह्येला मात्रा. हे."

"मग दोन्ही मिळून काय झालं?"

"हाय," आक्का म्हणाल्या, आणि एवढं साधं या माणसाला कसं कळेना, अशा काळजीनं त्यांच्याकडं बघू लागल्या. सगळा सोपा हसला. दाराला टेकलेले पाटीलसुद्धा हसले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं, बायका मुद्दाम थट्टा करतायत. थट्टा कसली? आक्का अगदी मनापासून उत्तर देत होत्या.

परतताना जीपमध्ये मी साहेबांना धारेवर धरलं. म्हटलं, "साहेब, विहीर लिहिलेलं बघून ती हीर म्हणाली, म्हणजे तिनं वाचलं. पाठ केलं असतं तर विहीरच म्हणाली असती. एवढी वर्षं तपासण्या केल्यात, हे कळत नाही तुम्हाला?"

साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, आपण गुण देतोय ते वाचनाला. पुस्तकात नाही ते वाचलं तर ती चूक. भाषेला शिस्त लागते. आज हाय चालवून घेतलं तर उद्या काय होईल?"

"काय होईल? पंचगंगा उलटी वाहील?"

भाऊ मध्ये पडले. "दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तथ्य कसं दोघांच्याही म्हणण्यात असेल? एक तर तिला वाचता येतं, नाही तर येत नाही!

तेवढ्यात जीप धाडकन खड्ड्यात आदळली. साहेबांची टोपी छताला लागून नाकावर आली आणि ते ओरडले, "आयला! खड्डा हाय का हीर हाय ही!"

मी म्हटलं, "आहे, साहेब. आहे म्हणा."

ड्रायव्हर इतका हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. साहेबांनी टोपी सरळ केली आणि ते कोल्हापूर येईपर्यंत बाहेर बघत बसले. मला वाटलं, बरं झालं, आता घरी जाऊन विचार करतील. पण तसं झालं नाही. माझ्या त्या एका वाक्यानं ते उलट आणखी हट्टाला पेटले असावेत, असं भाऊंनी मला नंतर सांगितलं. पेटू देत. ते वाक्य मी परत बोलेन.

पुढच्या आठवड्यात गारगोटीकडच्या एका गावात गेलो. पुरुषांचा वर्ग. तिथले मास्तर मोठे हुशार. दाराला तोरण, भिंतीला तक्ते, आणि वर्गातली माणसं आम्ही आत जाताच एका सुरात "नमस्ते" म्हणाली. त्यांनी त्यांचा सगळ्यात चांगला वाचणारा उभा केला. शिडशिडीत गडी, धुतलेला फेटा. तो विहिरीचाच धडा वाचू लागला आणि काय सांगू, एकेक शब्द नाण्यासारखा खणखणीत. "आहे. होते. पिऊ नये." साहेबांनी डोळे मिटले आणि गाणं ऐकावं तशी मान डोलवायला लागले.

तेवढ्यात खिडकीतून वारं आलं आणि पुस्तकाचं पान उलटलं. पुढच्या पानावर विहीर नव्हती, देवीच्या लशीचा धडा होता, मोठ्या सुईचं चित्रसुद्धा होतं. पण गडी थांबला नाही. लशीच्या चित्राकडं बघत त्यानं सगळी विहीर अगदी स्वच्छ, न अडखळता शेवटापर्यंत वाचली.

मी उठून उभी राहिले. "साहेब, पान उलटलंय! तो वाचत नाही, पाठ म्हणतोय!"

साहेबांनी डोळे उघडले. मास्तरांनी झटकन पुढं होऊन पान मागं केलं. "वारं आहे बाई," ते म्हणाले. साहेब म्हणाले, "पान चुकलं असेल. पण उच्चार पाहिलेत?" मी भाऊंकडं वळले. भाऊंनी पाहिलं होतं. मला शंभर टक्के माहीत आहे, कारण पान उलटलं तेव्हा आमची नजरानजर झाली होती. भाऊ चष्मा काढून पुसायला लागले.

त्या गड्यावर माझा राग नाही. त्या बिचाऱ्याला जे करायला सांगितलं ते त्यानं केलं. राग आहे तो त्याला अक्षर न शिकवता पोपटासारखं बोलायला शिकवणाऱ्यावर, आणि त्याहून जास्त भाऊंवर. कारण साहेबांना दिसलंच नव्हतं. भाऊंना दिसूनही त्यांनी कानाडोळा केला. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन विचारलं तर म्हणतात, "साहेबांचा मान राहिला पाहिजे, बाई. म्हातारपण आहे त्यांचं." अहो, आणि त्या सोप्यातल्या बायकांचं काय? त्यांची दुपार घालवून का साहेबांचा मान राखायचा?

निकालावर मी सही केली नाही. दोघांच्या सहीवर निकाल लागला. ढाल गारगोटीकडं गेली. मी त्याच दिवशी परीक्षकपद सोडलं, आणि दुसऱ्या दिवशी एसटी पकडून पाटलांकडं गेले. जोंधळ्याची पोती सोप्यात यायला सुरुवात झाली होती.

मी पाटलांना म्हटलं, "निकाल चुकीचा आहे. मी स्वतः परीक्षक होते, मी सांगते. आक्कांना उत्तम वाचता येतं."

पाटील म्हणाले, "बाई, तुमी येकल्या म्हनता येतंय. ते दोगं शानीसुरती मानसं म्हनत्यात येत न्हाय. मी कुनाचं आयकू?" मी तोंड उघडलं, तर मागून आक्का पुढं आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "पाटील, गड्याला कुस्तीत येकदा माती लागली म्हून त्येला तालमीतनं कुनी हाकलतंय व्हय? येक साल द्या. फुडच्या साली ढाल न्हाय आणली, तर आमी बायका सोता पोती उचलून हितं लावतो." सोप्यापुढं जमलेली माणसं बघत होती. कुस्तीचं नाव काढल्यावर पाटलांना नाही म्हणता येईना. एक साल मिळालं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आक्का तुपाचं गाडगं विकून सरळ माझ्या घरी आल्या. स्वयंपाकघरात मी भाकरी थापत होते. त्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, मला ते सायबाचं हाय-न्हाय शिकवा."

मी म्हटलं, "मेले तरी शिकवणार नाही. तुमचं काही चुकलेलंच नाही."

"चुकलं न्हाय हे तुमास्नी ठावं, मला ठावं. पाटलास्नी कुटं ठावं हाय?"

"म्हणून त्या साहेबांपुढं मान तुकवायची?"

"तुमचा राग तुमच्यापाशी ठेवा, बाई," आक्का म्हणाल्या. आवाज मात्र चढवला नाही. "तुमची साळा हाय, पगार हाय, उद्या बी हाय. माजी दुपार जानार हाय. तुमच्या रागानं सोपा मिळत न्हाय."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती काढून ठेवली आणि पुस्तक आणलं.

दर बाजाराला आक्का यायच्या. मी म्हणायचे, "आहे." त्या म्हणायच्या, "आ-हे." मी म्हणायचे, "नाही." त्या म्हणायच्या, "ना-ही." विहीर, पाणी, होते, नये. गळा कुणीतरी धरल्यासारख्या वाचायच्या. आधी त्या वाचता वाचता पुस्तकाशी भांडायच्या, लिहिणाऱ्याची अक्कल काढायच्या, मध्येच थांबून मला विचारायच्या, "हे खरं हाय व्हय?" ते हळूहळू बंद झालं. मी एकदा विचारलं, "आक्का, या धड्याबद्दल काही बोलला नाहीत?" तर म्हणाल्या, "बोलाया गेलं की जीब घसारती, बाई." मला इतका संताप आला की मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आज पुरे. कुणावर संताप आला म्हणाल, तर सगळ्यांवर. साहेबांवर, भाऊंवर, पाटलांवर, ज्यांनी ते पुस्तक लिहिलं त्यांच्यावर. आणि आक्कांवरसुद्धा, कारण त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षी बक्षिसाचं वाचन कोल्हापुरातच एका सभागृहात ठेवलं. व्यासपीठावर साहेब, भाऊ, आणि माझ्या जागी नेमलेले एक प्राध्यापक. मी खाली बसले होते, कागलकडच्या त्या बायकांच्या रांगेत. पाटीलही फेटा बांधून आले होते. पाठांतराचा बोभाटा मी गावभर केला होता, त्यामुळं यंदा नवं पुस्तक आणलं होतं, कुणी न पाहिलेलं. समितीनं एवढं तरी केलं, म्हणून मला थोडं बरं वाटलं होतं.

आक्कांना बोलावलं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागल्या, सावकाश, एकेका शब्दावर पाय रोवत. "खेड्यातील स्त्रिया अडाणी असतात. त्यांना स्वच्छता ठाऊक नाही. त्या मुलांना वेळेवर आंघोळ घालत नाहीत. घरापुढे शेणाचे ढीग करतात. स्त्रियांच्या या आळसामुळेच गावात रोगराई आहे."

आळस! पहाटे उठून चार म्हशी धुणाऱ्या बाईच्या तोंडी हे वाक्य घालायचं? मी वाट बघत होते. आता आक्का थांबतील. आता पुस्तक खाली ठेवतील आणि साहेबांना विचारतील, कुठल्या मेल्यानं हे लिहिलं? त्या विचारतील अशी माझी खात्री होती. तसं झालं असतं तर ढाल गेली असती, तरी मी उठून नाचले असते.

आक्का थांबल्या नाहीत. शेवटचं 'आहे' त्यांनी इतकं स्वच्छ म्हटलं की साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. पाटील वाजवत होते. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या शेजारच्या बायकाही वाजवत होत्या, आपला वर्ग वाचला म्हणून. साहेबांनी माझ्याकडं बघून हात जोडले. बघितलंत, जमलं की नाही, असा त्यात भाव होता. मी मान फिरवली.

बक्षीस झाल्यावर आक्का बाहेर आल्या. खांद्यावर शाल, दोन्ही हातांत ढाल, चेहरा घामानं डबडबलेला. बायकांनी त्यांना घेरलं. त्यातून वाट काढत त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, काय हुतं वो त्या धड्यात? समदं ध्यान जिबंवर हुतं बगा. बायकांचं कायतरी हुतं न्हवं?"

खोटं सांगावं असं एक क्षण वाटलं. पण आक्कांशी खोटं बोलायची माझी टाप नव्हती. मी त्यांच्याच बोलीत सांगितलं. खेड्यातल्या बायका अडाणी असत्यात, पोरास्नी आंघूळ घालत न्हाईत, आळशी हाईत, त्येंच्यामुळंच गावात रोगराई हाय. सगळं सांगितलं.

आक्कांनी विचारलं, "हे असं लिवलंय?"

"हो."

"आन ते मी वाचलं? समद्यांम्होरं?"

"हो, आक्का."

"आन समद्यांनी टाळ्या वाजवल्या." हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं म्हटलं. मग त्यांनी ढाल शेजारच्या बाईच्या हातात दिली, खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या अंगावर टाकली.

"ढाल आमी न्हेतो," आक्का म्हणाल्या. "तिच्यावर वर्ग चालतोय. ही तेवडी त्यांची त्यास्नी परत करा."